जरा सरकून घ्या



१९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूर येथे अशोककुमारांच्या गोलाने भारताने पाकिस्तानला नमवून हॉकीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा घरोघरी दूरचित्रवाणी नव्हती. ज्या दुकानी रेडिओ, त्याची फळी हीच साऱ्या आळीची बैठक. समालोचक जसदेव सिंहांचा आवाज कानी पडावा म्हणून मागचा पुढच्याला म्हणे, "जरा सरकून घ्या."

त्र्यंबकेश्वरास हे शब्द परके नाहीत. पौष वद्य एकादशीस संत निवृत्तिनाथांच्या यात्रेत दिंड्यांनी गाव दाटते, आणि कुशावर्त कुंडाच्या पायरीवर ओले धोतर पिळणारा अनोळखी वारकरीही हेच म्हणतो, "माउली, जरा सरकून घ्या."

विजयानंतर गुलाल उधळणे कोणासही साधते. परंतु आपला संघ एका गोलाने मागे असता, आणि १९७५ च्या त्या सामन्यात पहिला गोल पाकिस्तानचाच होता, शेजाऱ्याची जात, हुद्दा वा मिळकत न विचारता त्यास जागा करून देणे, हे मला नागरिकत्वाचे अधिक खरे लक्षण वाटते.

आता पडदे मोठे झाले. उशिरा येणारा मात्र आहेच. मंडळी, चौकात सामना पाहताना कोणी लहान मूल टाचा उंचावून मागून डोकावत असेल. त्याला पुढे घ्या.