काचेतला रंग कोणाचा?

अद्वैत वेदान्तात ‘उपाधी’ म्हणजे जिच्या सान्निध्यामुळे तिचा धर्म दुसऱ्याच वस्तूचा भासतो अशी वस्तू. आणि ही कल्पना स्पष्ट करण्यासाठी शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात अळित्याजवळच्या, तर पुढील परंपरेत जास्वंदीजवळच्या स्फटिकाचा दृष्टान्त येतो. फूल दूर केले की स्फटिकाची लाली जाते, कारण ती त्याची कधीच नव्हती. तशीच सुखदुःखे अंतःकरणाची असून आत्म्यावर केवळ आरोपित आहेत. मात्र स्फटिकाच्या जागी सूर्यप्रकाश आणि फुलाच्या जागी रंगीत काच कल्पिली, तर हा हिशेब जुळेनासा होतो.

वितळत्या काचेत कोबाल्टचे संयुग मिसळले की ती निळी होते. परंतु ती निळाई काच प्रकाशाला देत नाही. सूर्यप्रकाशात सर्व रंग मुळातच असतात. निळी काच इतर बहुतेक गिळते आणि निळा तेवढा सोडते. काच काढली तर निळा नाहीसा होत नाही, तो पांढऱ्यात मिसळून वेगळा दिसेनासा होतो. येथे उपाधी परका गुण लादत नाही. आहे त्यातले काही रोखते, आणि त्या रोखण्यामुळेच दर्शन घडते.

चौकटीतले काचचित्र हाताने घडवतानाही हे पदोपदी जाणवते. पूर्ण मापाच्या आराखड्याचे तुकडे कापताना दोन तुकड्यांमधली बारीक पट्टी मुद्दाम काढून टाकावी लागते, कारण ती जागा शिशाच्या दुतर्फा खाचा असलेल्या पट्टीच्या कण्याची असते. ती न सोडल्यास चित्र जोडागणिक फुगत जाऊन अखेरीस चौकटीत मावत नाही. मग चाकीने ओरखडून मोडलेली काच खाचांत बसते, सांध्यांवर डाख दिला जातो आणि फटींत खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेली लांबी भरली जाते. शिशाची काळी रेघ तुकड्यांना वेगळे करते आणि तीच त्यांना धरूनही ठेवते. अद्वैत उपाधीला अज्ञानाचे कार्य मानते, पण या रेघेला निव्वळ अज्ञान म्हणणे कठीण आहे.

रंगीत काचेतून दर्शन घडते ही कल्पना नवी नाही: पॅरिसजवळील सँ-दनीच्या मठात मठाधिपती स्यूजे यांनी 1144 मध्ये पूर्णत्वास नेलेल्या रंगीत खिडक्यांमागे दृश्य तेजातून अदृश्य तेजाकडे चढण्याची श्रद्धा होती, आणि 1858 मध्ये अभिषिक्त झालेल्या, कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील विल्यम वेल्स यांच्या खिडक्या त्याच परंपरेच्या दूरच्या वारस आहेत. मराठीत, दिसणारे परके नसते या विचाराच्या अधिक जवळ ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ जातो: तेथे अज्ञानाचे खंडन करून जगाला चैतन्याचे स्वतःचेच स्फुरण मानले आहे. यावर अद्वैती म्हणेल, प्रकाश अनेक रंगांचा समुदाय आहे, चैतन्य मात्र निरवयव. आक्षेप रास्त आहे. पण दृष्टान्त एकदेशीच असतो, आणि स्फटिकाचाही त्याला अपवाद नाही.

नागपूरच्या दक्षिणेकडील बेसा येथे, जिथे वैशाखातले ऊन अडवण्यासाठीच खिडक्यांना पडदे लागतात, पश्चिमेच्या खिडकीत असे काचचित्र टांगल्यास तिन्हीसांजेपर्यंत त्याचे रंग घरातल्या फरशीवर पडतात. दिवा लागल्यावर आतून ते जवळजवळ काळे दिसते, आणि रंग रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसू लागतात.