तलावातली रिकामी जागा

छत्तीसगडीत म्हणतात, ‘छै आगर छै कोरी तरिया’. कोरी म्हणजे वीस, आपली कोडीच. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे 126 तलाव. बिंबाजी भोसल्यांनी जिथून छत्तीसगडचा कारभार पाहिला त्या रतनपुराबद्दल आणि तशा इतर जुन्या गावांबद्दल हे बोललं जातं. रायपूर त्याच परंपरेतलं. सराफांच्या सदर बाजारातून निघालं की बूढा तलाव पायी गाठता येतो, आसपास महाराजबंध, कंकाली हे तलाव. राजबंधा तलावाचं मात्र आज मैदान झालं आहे आणि लेंडी तलावाच्या जागी शास्त्री बाजार भरतो.

सदर बाजारासारख्या दाट वस्तीत पाणी येतं तेव्हा त्याला एकच नाव दिलं जातं: पाऊस जास्त झाला. पण दुकानाच्या पायरीशी आलेलं पाणी तीन-चार वाटांनी आलेलं असू शकतं. गटाराला न पेललेली सर अर्ध्या तासात रस्ता भरते. तलाव सांडायला काही तास लागतात. नाला त्याच्या मागून चढतो, आणि खारून नदी सगळ्यांत शेवटी. नदी बाजारापर्यंत येत नाही हे खरं, पण ती तुडुंब असली की तिला मिळणाऱ्या नाल्यांचा उतार मरतो आणि वरचं पाणी जागीच तुंबतं.

या प्रत्येक वाटेचा धोका आपण वेगवेगळा मोजतो. गटार तुंबणं दहा वर्षांतून एकदा, तलाव फुगणं दहा वर्षांतून एकदा, नदीचा पूर दहा वर्षांतून एकदा. तिन्ही एकाच वर्षी येण्याची शक्यता कागदावर हजारात एक निघते, आणि आपण निश्चिंत होतो. हा गुणाकार चुकीचा आहे. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा एकच पट्टा तीन दिवस बरसतो, तेव्हा तो जमीन भिजवतो, तलाव भरतो आणि खारूनही चढवतो. चौथ्या दिवशीची जोरदार सर या भरलेल्या शहरावर पडते. मुंबईनेही 26 जुलै 2005 रोजी अनेक वाटा एकत्र आलेल्या अनुभवल्या. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, जुनी गटारं ताशी 25 मिलिमीटरसाठी, तीही ओहोटी धरून बांधलेली, आणि वर समुद्राला भरती.

रायपूरला अधिक जवळचा धडा नागपूरचा. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, आधीच भरलेला अंबाझरी तलाव सांडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसं झोपेतच पाण्यात सापडली. काहींचे जीव गेले. पाऊस, तलाव आणि नदी, तिघांपैकी दोषी कोण, हा प्रश्नच मला निरर्थक वाटतो.

म्हणून तलावातल्या रिकाम्या जागेला किंमत द्यायला हवी. हिशेब सोपा आहे. एक हेक्टर तलावात 30 सेंटिमीटर जागा मोकळी असेल तर 30 लाख लिटर पाणी मावतं. सहा हेक्टरांवर पडलेला 50 मिलिमीटर पाऊस तेवढाच भरतो. सुशोभीकरणाला मात्र तलाव काठोकाठ हवा असतो: कारंजी, नौका, पाण्यातले दिवे. निस्तारासाठी, म्हणजे आंघोळ-धुण्यासाठी, आणि विहिरींसाठीही भरलेला तलावच हवा, आणि ती गरज खोटी नाही. धरणांना कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचं वेळापत्रक असतं. तसं शहरातल्या तलावांना का नसावं? ऑगस्टमध्ये हातभर जागा राखा, पावसाळा ओसरताना भरून घ्या. पण अंबाझरी सांडला तो 23 सप्टेंबरला, भरून घेण्याच्या ऐन दिवसांत. नुसती तारीख पुरणार नाही. हवामानाचा इशारा आला की रात्रीसुद्धा तलावाचं दार उघडण्याचा अधिकार असलेला माणूस काठावर लागेल, आणि सोडलेलं पाणी खाली कुणाच्या घरात जाणार नाही हे त्याला आधी ठाऊक लागेल.

त्यासाठी पहिलं काम लहान आहे. बूढा तलावाच्या सांडव्याची उंची, सदर बाजारातल्या दुकानांची जोती, गटारांचे तळ, नाल्याचं तोंड आणि महादेव घाटावरची खारूनची पूररेषा, ही सगळी एकाच आधारपातळीपासून मोजून एका कागदावर मांडायची.