नाव आणि नाम

परळीहून पंढरीच्या वाटेने निघालेला वारकरी अंबाजोगाईत योगेश्वरीचे दर्शन घेतो, मुकुंदराजांच्या समाधीवर माथा टेकवतो. वेळ उरला तर हत्तीखान्याकडे वळतो. गेल्या वर्षी आम्हीही वळलो.

हत्तीखाना म्हणजे खडकात कोरलेली शिवलेणी. खांब, मंडप, नंदी आणि भलेमोठे हत्ती, सारे एकाच कातळातून काढलेले. लेणे शिवाचे, पण लोकांच्या तोंडी हत्तीच राहिले. खांबांवर मी कारागिराचे नाव शोधले, दिसले नाही. कोणी खिळ्याने ओरखडलेली, कोणी कोळशाने लिहिलेली आजची नावे मात्र ठिकठिकाणी होती. दिंडीतले एक म्हातारबाबा म्हणाले, "ज्यानं डोंगर फोडला त्यानं नाव नाही ठेवलं. ज्यानं खिळा फिरवला त्याला मात्र ठेवावंसं वाटलं."

मला राग आला. पण माउली, लगेच गावातले मंदिर आठवले. जीर्णोद्धाराला मी पाच हजार रुपये दिले होते. संगमरवरी पाटी लागली त्या दिवशी गाभाऱ्यात जाण्याआधी मी पाटी वाचली. माझे नाव अगदी खाली होते, तर दोन दिवस भजनात मन लागले नाही. मुखात विठ्ठलाचे नाम आणि चित्तात स्वतःचे नाव! त्या खिळेवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझा खिळा संगमरवरावर फिरला होता.

मग नाव कोरणे हा दोषच का? याच अंबाजोगाईत शके ११६२ चा, म्हणजे इ. स. १२४० चा शिलालेख आहे. यादवांचा सेनापती खोलेश्वर, त्याचा पुत्र राम लढाईत पडला. त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मीने रामनारायणाचे देऊळ बांधले. तिथेही नाव कोरलेच आहे. पण तिने भावाचे नाव देवाच्या नावात मिसळून टाकले. आणि आपले नामदेवराय? त्यांनी महाद्वारातली पायरी मागितली, ती संतांचे पाय लागावेत म्हणून. नाव डोक्यावर मिरवायचे की पायांखाली ठेवायचे, एवढाच प्रश्न आहे.

यंदा मंदिराच्या सभामंडपाची वर्गणी निघाली. पावतीवर 'एक वारकरी' लिहायला सांगितले. घरी येऊन ती पावती दोनदा उलटून पाहिली, हेही कबूल करतो. खडक फुटायला वेळ लागतोच.

राम कृष्ण हरी.