शरदातील पदयात्रा आणि एकांताचा प्रश्न

विजयादशमी उलटली आणि पावसाने सातपुड्यातून आपला मुक्काम हलवला, की पचमढीच्या पठारावर पायी हिंडणाऱ्यांच्या टोळ्या दिसू लागतात. आणि अशा टोळीत सामील होणाऱ्या प्रत्येकाला, तो कितीही मितभाषी असो, एका आक्षेपाला जबाब द्यावाच लागतो. डोंगरात जायचे ते एकांतासाठी, मग हा जमाव बरोबर कशाला, असा तो आक्षेप. तो उथळ आहे असे मला वाटत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायाने योग्याला एकाकी राहण्यास सांगितले, त्या निर्जन स्थळाचे वर्णन करताना ज्ञानेश्वरांची वाणी विशेष रंगली, आणि तुकोबांचे भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणे तर मराठी मनात कायमचे ठसले आहे. तेव्हा गुहा म्हटली की तीत एकच माणूस बसलेला आपल्याला दिसावा, यात नवल नाही.

परंतु प्रत्यक्षातल्या गुहा निराळी साक्ष देतात. पचमढीचा दगड सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखा लाव्ह्यातून निपजलेला नाही. प्राचीन नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचे थर दबून झालेला तो वालुकाश्म आहे, आणि म्हणून कड्याच्या पोटाशी अंगठा घासला तर तांबूस कण बोटाला चिकटतात, पाऊस थांबून कित्येक दिवस लोटले तरी थरांच्या सांध्यांतून पाणी पाझरत राहते, आणि त्या ओलीवर नेच्याची पाने टवटवीत उभी असतात. याच पाझराने कण कण सुटून कपाऱ्या झाल्या. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या अमदानीत उन्हाळा लागला की नागपूरचे सरकार येथे येऊन राही. भस्मासुराला वर देऊन बसलेले महादेवही याच डोंगरांत लपले, अशी लोककथा आहे. सरकार उकाड्याला भ्याले आणि देव आपल्याच औदार्याला, एवढाच काय तो फरक! त्या सर्वांच्या कितीतरी आधी ज्यांनी या कपाऱ्यांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगांत चित्रे काढली, त्यांची वस्ती मात्र एकांतवासीयांची खचित नव्हती: शिकारीला निघालेली माणसे, पोळ्यातला मध काढणारी माणसे, रांग धरून नाचणारी माणसे. नर्मदेपलीकडे विंध्याच्या वालुकाश्मात विष्णु श्रीधर वाकणकरांना 1957 साली भीमबेटकाच्या शैलाश्रयांचा जो खजिना गवसला, त्यातही हाच गजबजाट आहे.

मग भिक्षूंच्या गुहांचे काय? ज्यांनी संसाराचा त्याग केला त्यांना तरी एकांत हवाच असणार, असे आपण धरून चालतो. पण आपल्याकडील लेण्यांतला एखादा नमुनेदार विहार पाहावा, तर तिन्ही बाजूंना एकेकाला पुरतील अशा खोल्या आणि मध्ये सर्वांचा मिळून एक मंडप, अशी त्याची रचना आढळते. त्या मंडपाचे प्रयोजन विनयपिटकातील एका प्रसंगावरून चांगले उमगते. कोसल देशातील काही भिक्षूंनी वर्षावासात कलह नको म्हणून परस्परांशी अवाक्षर न बोलण्याचा नियम केला, आणि तो काळ किती सुखाने पार पडला हे मोठ्या समाधानाने बुद्धांना जाऊन सांगितले. बुद्धांनी त्यांची प्रशंसा केली नाही. गुराढोरांसारखे एकत्र राहिलात, असा ठपका ठेवला आणि प्रवारणेचा विधी घालून दिला. वर्षावास संपताना, म्हणजे ऐन शरदात, पुन्हा भ्रमंतीला निघण्यापूर्वी प्रत्येक भिक्षूने संघासमोर हात जोडून विनवावे, की माझे काही दोष आपण पाहिले असतील, ऐकले असतील किंवा त्यांची शंका आली असेल, तर अनुकंपेने मला सांगा. विनवणीचा प्रारंभ ज्येष्ठ भिक्षूपासून व्हावा, हा त्यातला मला सर्वांत कठोर वाटणारा भाग.

माझ्या मते एकांताच्या प्रश्नाचा निवाडा येथे होतो. एकट्या माणसाला गुहेत जे ऐकू येते ते बहुधा त्याचाच आवाज असतो, कड्यावरून फिरून आलेला आणि म्हणून अधिक गंभीर भासणारा. त्याच्या अहंकाराची झडती घेण्याचा अखत्यार दगडाला नाही. सोबत्याला तो असतो. चढणीवर कोण मागच्याची वाट न पाहता पुढे निघून जातो, कोणाच्या पखालीतले पाणी शेवटपर्यंत भरलेलेच राहते, हे बरोबरचे लोक काही न बोलता टिपून ठेवतात. पचमढीतल्या गुप्त महादेवाच्या चिंचोळ्या फटीत अंग तिरके करून शिरताना पुढच्याची पाठ आणि मागच्याचा श्वास यांखेरीज काही उरत नाही. तेथे प्रत्येक जण एकटाही असतो आणि रांगेतही, आणि दिंडीत चाललेल्या वारकऱ्याला ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

गीतेचे वचन याच्या आड येते असे मला वाटत नाही. आसनावर बसावे एकट्यानेच. पण आसनावरून उठलेला माणूस कसा वागतो, याचा दाखला त्याने स्वतःच लिहून स्वतःच त्यावर मोहोर उठवावी, हे काही रीतसर नव्हे.

आमच्या टोळीतही शेवटच्या रात्री एक विधी होतोच: खजिनदार कंदिलाशी बसून वर्गणीचा जमाखर्च वाचतात, डाळ-तांदळाच्या भावावरून थोडी हुज्जत होते आणि शिल्लक रक्कम पुढील साली जमा धरली जाते. भिक्षूंनी विचारलेला तो दुसरा प्रश्न मात्र ज्येष्ठांपैकी कोणी अद्याप विचारलेला नाही. आणि विचारलाच, तर पुढच्या शरदात वर्गणी द्यायला किती जण उरतील, याची खजिनदारांना रास्त धास्ती आहे.