नाक आणि न्याय

मराठी माणसाने आपली सारी प्रतिष्ठा नाकावर ठेवली आहे. घराण्याला नाक असते. ते कापले जाते, खाली होते, कधी वर करून मिरवलेही जाते. एवढा मान लाभलेल्या या अवयवाचे खरे काम मात्र वास घेणे हेच, आणि त्या कामात तो मोठा प्रामाणिक आहे. ‘येथे काहीतरी सडते आहे,’ एवढेच तो सांगतो. कुणामुळे, ते सांगत नाही. ते आपले मन सांगते. नाकाच्या साक्षीवर मनाने दिलेला हा निकाल कितपत न्यायाचा असतो, असा प्रश्न मला यंदा दिवाळीच्या आवराआवरीत पडला.

निमित्त अगदी घरगुती होते. आमच्या न्हाणीघरात दुर्गंध येऊ लागला. पहिल्या दिवशी सासूबाईंनी उदबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी यजमानांनी बादलीभर फिनेल ओतले आणि हवा बाहेर टाकणारा पंखा दिवसभर चालू ठेवला. वास उलट वाढला. मग घरातल्या प्रत्येकाने आपापला गुन्हेगार नेमला. सासूबाईंच्या मते नातवाचे ओले टॉवेल, नातवाच्या मते वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड. शेवटी एका मुद्द्यावर मात्र सर्वांचे एकमत झाले : “मावशी हल्ली नीट घासत नाहीत.” एकमत होणे सोपे होते. आरोपी हजर नव्हता.

“आधी जागा सापडू दे, मग माणूस बघू,” असे म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि कामाच्या मावशी अशा दोघी शोधाला लागलो. या शोधात एक अडचण असते. नाक कोणत्याही वासाला पाच-दहा मिनिटांत सरावते आणि मग साक्षच देईनासे होते. म्हणून आम्ही थोड्या थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन मोकळी हवा घ्यायचो आणि परत यायचो. कमोडचे बूड पाहिले, बेसिनखालची नळी पाहिली, अंघोळीच्या जागेची जाळी उचलून पाहिली. सारे स्वच्छ होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या दुसऱ्या जाळीशी वाकून मावशी म्हणाल्या, “ताई, हितं आता धुणं कोण धुतं?”

कुणीच धुत नव्हते. कपडे धुण्याचे यंत्र उन्हाळ्यात गॅलरीत हलवले, तेव्हापासून त्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब पडला नव्हता. मावशींनी तेथे बादलीभर पाणी ओतले. दुपारपर्यंत वास गेला.

यात जादू काही नाही. प्रत्येक जाळीखाली एक वाकडे भांडे असते. नळकाम करणारे त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपला घरगुती शब्द असा इंग्रजी शब्दाच्या हातात हात घालून बसला आहे. त्या वळणात नेहमी साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन बोटे पाणी साचून राहते. पलीकडे साऱ्या इमारतीचे गटार, अलीकडे आपले घर, आणि मध्ये एवढेच पाणी. ते सुकले की गटाराची हवा बिनदिक्कत आत येते. वर पंखा लावला तर तो ती अधिकच ओढून घेतो. उपायही तितकाच साधा. न वापरत्या जाळीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावे. महिनाभर गावाला जायचे असेल तर वर चमचाभर गोडे तेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर उडून जात नाही.

म्हणजे दोष कुणाच्या करण्यात नव्हता, कुणीच काही न करण्यात होता. असा बिनमालकीचा दोष मनाला मानवत नाही. त्याला माणूस हवा असतो, आणि घाणीच्या सर्वांत जवळ जो उभा असेल तोच त्याला प्रथम दिसतो. जो घाण काढतो तो घाणीजवळ असणारच. पण काढणारा आणि करणारा यांतला फरक आपण किती सहज पुसून टाकतो!

शाळेत मी हेच पाहते. एकदा वर्गात कुजका वास आला आणि सारी डोकी एकदम शेवटच्या बाकाकडे वळली. तेथे नाल्याकाठच्या वस्तीतला एक मुलगा बसत असे. कपाटामागे उंदीर मरून पडलेला निघाला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मानेपर्यंत पावडर थापून आला. उंदराचा वास दोन दिवसांत गेला. त्या पावडरीचा वास मला अजून येतो.

हा केवळ आपल्याकडचा स्वभाव नव्हे. वाकड्या नळीच्या शौचकूपाचे पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्येच घेतले; पण त्याच लंडनचा मैला पुढे थेट थेम्स नदीत जात राहिला. नदीकाठच्या गरिबांनी तो वास वर्षानुवर्षे सोसला. १८५८ च्या उन्हाळ्यात तो पार्लमेंटच्या सभागृहात शिरला, तेव्हा आधी पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगण्यात आले. ती त्यांची उदबत्ती! ती हरली, तेव्हा कोठे कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेटची भुयारी गटारे बांधली गेली. वास तोच होता; नाके बदलली, म्हणून न्याय झाला.

आणि आपली भुयारी गटारे? दोन बोटे पाणी ओतून आपण जी हवा पलीकडे अडवतो, ती नाहीशी होत नाही. ती तेथेच असते, आणि गटार तुंबले की कुणाला तरी तिच्यात उतरवले जाते. तिच्यातला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की तो नाकाची शक्तीच मारून टाकतो. माणसाला वाटते वास गेला. प्रत्यक्षात मरण जवळ आलेले असते. हाताने मैला उचलायला लावण्यास आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे अजून मरत आहेत. आपल्याला त्याचा वास येत नाही, कारण आपल्या जाळीत पाणी आहे.

नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लावून आपण याच न्हाणीघरात अभ्यंगस्नान करतो आणि नरकातून सुटल्याचा आनंद मानतो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो, कारण ती लक्ष्मी आहे असे आपल्या आज्यांनी शिकवले. हे शिकवणे मला फार आवडते. पण केरसुणी आपण होऊन चालत नाही. तिला लक्ष्मी म्हणणाऱ्या घराने ती धरणाऱ्या हाताला काय म्हणावे, हे पूजेच्या पाटावर बसल्या बसल्या मुलांनी विचारले, तर त्यांना उत्तर देता आले पाहिजे. आणि पुढे कधी घरात दुर्गंध आला, तर त्यांच्या तोंडून ‘कोण?’च्या आधी ‘कुठून?’ निघावे. एवढा एक शब्द बदलला, तर पुष्कळांवरचा आळ टळेल.