उघडं दार आणि सल्लागार मंडळ

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी मराठी घरांत मुलांच्या शाळेचा विषय निघाला की आधी घराचा पत्ता विचारला जातो. कुठल्या पत्त्याला कुठली सरकारी शाळा हे वेक काउंटीचं शाळा बोर्ड ठरवतं, आणि वस्ती वाढेल तसं बदलतंही. मग चार्टर शाळांची लॉटरी निघते, मग कॅरी अकॅडमी या खाजगी शाळेची फी निघते आणि ती ऐकून जरा वेळ सगळे चहा पितात. हल्ली या गप्पांत आणखी एक वाक्य आलंय, किंचित आवाज खाली घेऊन म्हटलं जाणारं. ख्रिश्चन शाळा बघितलीत का? सरकार पैसे देतंय म्हणे.

देतंय हे खरं. नॉर्थ कॅरोलायनाचा ऑपर्च्युनिटी स्कॉलरशिपचा कायदा 2013 चा. तेव्हा ती शिष्यवृत्ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपुरती होती. 2023 मध्ये विधिमंडळानं उत्पन्नाची कमाल मर्यादा काढून टाकली, आणि 2024-25 पासून दोन पगार येणाऱ्या घरालाही अर्ज करता येतो. उत्पन्न वाढेल तशी रक्कम कमी होते, एवढंच.

आवाज खाली घेण्याची मात्र मला गंमत वाटते. याच घरांतल्या आजी-आजोबांनी मुंबई-पुण्यात मुलांना कॉन्व्हेंटमध्ये घालताना पेढे वाटले होते. सेंट झेवियर्स किंवा सेंट व्हिन्सेंटला प्रवेश मिळाला की त्या मुलाचं आयुष्य मार्गी लागलं, असं गल्ली मानायची. कॅथलिक मुलांना कॅटेकिझम आणि बाकीच्यांना मॉरल सायन्स, असा तिथला न बोलता झालेला समझोता होता. शाळा कोणाची, तिचे निर्णय कोण घेतं, हे कोणी विचारलं नाही. 'फादर' घेतात, एवढं उत्तर पुरत असे.

अमेरिकेत ते पुरत नाही. कॅरीत सेंट मायकेल द आर्केंजल ही कॅथलिक शाळा आहे. ती पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चची, आणि पॅरिश रॅलेच्या बिशपच्या अधिकारातलं. अशा शाळांत पालकांचं एखादं मंडळ असलं तरी बहुधा ते सल्ला देण्यापुरतं असतं, शेवटचा शब्द धर्मसत्तेचा. कॅरी ख्रिश्चन स्कूल हा प्रकार वेगळा. 1990 च्या दशकात उभी राहिलेली ही शाळा लॅटिन, तर्कशास्त्र आणि वक्तृत्व यांवर भर देणाऱ्या 'क्लासिकल ख्रिश्चन' परंपरेतली. या प्रकारच्या स्वतंत्र शाळांच्या डोक्यावर सहसा बिशप नसतो. असतं ते बोर्ड, आणि हे बोर्ड पालक निवडून देत नाहीत. आहेत ते विश्वस्त पुढचे विश्वस्त नेमतात. काउंटीच्या शाळा बोर्डावरचे नऊ जण मतदार निवडतात, त्यांच्या सभेत कोणीही रांग लावून तीन मिनिटं भांडू शकतं. खाजगी शाळेच्या बोर्डाची सभा बंद दाराआड होते आणि तिथे भांडायला जागा नसते.

आणि बोर्डाच्या वर जवळजवळ कोणी नाही. यालाही इतिहास आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनातल्या चर्चच्या शाळांनी राज्याला अहवाल द्यायचं नाकारलं. शिक्षक कसे असावेत, काय शिकवावं हे सरकारनं सांगणं म्हणजे धर्मात ढवळाढवळ, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1979 मध्ये विधिमंडळानंच त्यांना मोकळं केलं. तेव्हापासून राज्य मुख्यतः हजेरीपट, लसीकरणाची नोंद, ठराविक इयत्तांना एक प्रमाणित परीक्षा आणि आगीबिगीच्या सुरक्षेची तपासणी एवढंच मागतं. शिक्षणाधिकारी, धर्मादाय आयुक्त, चेंज रिपोर्ट, संचमान्यता या चक्रातून गेलेल्या आपल्याकडच्या मुख्याध्यापकाला हा स्वर्ग वाटेल. पण आपल्याकडचं ते सगळं चक्र फिरत असतानाच विश्वस्त मंडळावर संस्थाचालकाची सून आणि मेव्हणा कसे बसतात, हेही आपण पाहिलेलं आहे. तपासणी भरपूर असली म्हणजे कारभार चांगला होतो, असं म्हणायला मी धजणार नाही.

अमेरिकी बोर्डांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे स्वतःला घातलेली शिस्त. जॉन कार्व्हर या लेखकानं 1990 च्या पुस्तकात मांडलेली पद्धत बऱ्याच ख्रिश्चन शाळांनीही उचलली. बोर्डाला नोकर एकच, तो म्हणजे शाळेचा प्रमुख. बाकी सगळे त्या प्रमुखाचे. बोर्डानं काय साधायचं ते लिहून द्यायचं, काय करायचं नाही त्याच्या मर्यादा आखायच्या आणि मग बाजूला व्हायचं. कुठल्या एका विश्वस्तानं पार्किंगमध्ये शिक्षिकेला गाठून आपल्या मुलाच्या मार्कांबद्दल सूचना करायची नाही. बोर्ड बोलेल ते सभेत, ठरावानं आणि एकमुखानं. ज्या विश्वस्ताची मुलं त्याच शाळेत आहेत, त्याला हे किती अवघड जात असेल याची कल्पना करा. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत दिवाळीच्या जेवणातल्या बासुंदीवरूनही हे जमत नाही.

पण बाजूला होण्याची ही शिस्त धार्मिक शाळेत एका ठिकाणी अडते. 2004 च्या डिसेंबरात रॅलेच्या 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर'नं बातमी दिली की कॅरी ख्रिश्चनमध्ये 'सदर्न स्लेव्हरी, ॲज इट वॉज' ही पुस्तिका वाचायला दिली जाते. दक्षिणेतली गुलामगिरी सांगतात तितकी वाईट नव्हती आणि बायबलच्या आधारानं तिचं समर्थन करता येतं, असा तिचा सूर. विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू कळाव्यात म्हणून ती देतो, असं शाळेचं म्हणणं होतं. पुस्तिकेच्या दोन लेखकांपैकी डग्लस विल्सन हे या क्लासिकल ख्रिश्चन चळवळीच्याच आद्य प्रवर्तकांपैकी. संदर्भांतल्या गंभीर चुका उघड झाल्यावर प्रकाशकानं पुस्तिका मागे घेतली आणि शाळेनंही ती वगळली. पुस्तकं निवडणं हे प्रमुखाचं काम, असं कोणतंही बोर्ड म्हणेल आणि नियमानं ते बरोबर. पण चळवळीकडून पद्धतीबरोबर पुस्तकंही येतात, आणि आपण नेमका कुठला विश्वास अंगीकारला आहे हे बोर्डाला कधीकधी वर्तमानपत्र उघडल्यावर कळतं. श्रद्धेचं निवेदन शाळेच्या भिंतीवर असतं. त्याचा अर्थ लावणारा माणूस वर्गात असतो, आणि त्या दोघांमध्ये कोण उभं आहे हा खरा कारभाराचा प्रश्न.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. अमेरिकेतलं बोर्ड आणि मराठी मुलं ही जोडी तर सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

पंडिता रमाबाई 1886 मध्ये फिलाडेल्फियाला आल्या त्या आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानाला. पुढच्या वर्षी, 1887 मध्ये, त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघालं आणि डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पाद्री, आणि सोबत निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांचे लोक. दहा वर्षं पैसे पुरवायचे, उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा काढायची, आणि शाळेत धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं. हिंदुस्थानात एक सल्लागार मंडळ असावं, त्यात तिथली मान्यवर हिंदू माणसं असावीत, हेही ठरलं. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती होऊन काही वर्षं झाली होती. तरीही ब्राह्मण बापांनी आपल्या विधवा मुली त्यांच्या हवाली केल्या, त्याचं मोठं कारण ही दोन नावं. सदनात सोवळ्यातला स्वयंपाक वेगळा होता, मुलींना आपापले सणवार करायची मोकळीक होती. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी.

रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीबरोबर, मनोरमेबरोबर, बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या.

एवढंच घडलं. रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं. मी कोणाला बोलावलेलं नाही, पण माझ्याच घरात मी प्रार्थना लपवून का करायची? मुलीला यावंसं वाटलं तर तिला मी हाकलणार नाही. सल्लागारांचं म्हणणंही तितकंच सरळ. या मुली पालकांनी आमच्या शब्दावर इथे ठेवल्या आहेत. ज्या बाईवर त्या सर्वस्वी अवलंबून आहेत, तिचं उघडं दार म्हणजे आमंत्रणच झालं. टिळकांच्या 'केसरी'नं आग पेटती ठेवली. ऑगस्ट 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी बॉस्टनला कळवलं की आमचा आता या संस्थेशी संबंध राहिला नाही. बॉस्टन रमाबाईंच्या पाठीशी उभं राहिलं. पुण्यातल्या कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना एक बाजू घेण्याची पद्धत आहे. रमाबाईंच्या विवेकस्वातंत्र्याची तरी, नाहीतर फसवल्या गेलेल्या समाजाची तरी. मला त्यातला कारभार जास्त बोचतो. शाळेत धर्म शिकवायचा नाही, हे तिन्ही पक्षांना मान्य होतं. उघडं दार म्हणजे शिकवणं की नाही, हे ठरवायचं कोणी, ते मात्र कुठल्याही कागदावर नव्हतं. बॉस्टनच्या विश्वस्तांकडे मत होतं, पण ते दार त्यांना दिसत नव्हतं. पुण्याच्या सल्लागारांना दार दिसत होतं, त्यांच्याकडे मत नव्हतं. आणि रमाबाई एकाच वेळी संस्थापक, मुख्याध्यापिका आणि नियमाचा अर्थ लावणाऱ्या. अशा रचनेत भली माणसंही भांडणारच. रानड्यांनी संस्थेला दिलं होतं ते स्वतःचं नाव, आणि नाव देणाऱ्यापाशी एकच अधिकार उरतो, ते काढून घेण्याचा. त्यांनी तो वापरला. किंमत मोजली ती मुलींनी. घरी परत नेलेल्या विधवेचं पुढे काय होत असे, हे रानड्यांना कोणी सांगायला नको होतं.

त्याच पुण्यात, तीनच वर्षं आधी, टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. 1884 मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत बाहेरचं बोर्ड दुय्यम होतं. शिकवणारे आजीव सदस्य हेच चालक. म्हणजे कार्व्हरच्या अगदी उलट. त्यागाचा तो आदर्श जेझुइटांच्या वळणाचा होता, आणि संस्थेबाहेर मिळवलेल्या पैशाचं काय करायचं यावरून 1890 मध्ये तो फुटला. इथेही सगळ्यांनी एकच शपथ घेतली होती आणि प्रत्येकानं तिचा अर्थ वेगळा लावला होता. टिळकांचे मित्र आगरकर मागे राहिले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, संस्था टिकली, मैत्री टिकली नाही.

कॅरीतल्या मराठी पालकाला हे सगळं सांगायचं कारण त्याला घाबरवणं नाही. उलट इथल्या ख्रिश्चन शाळांचा एक गुण मला आमच्या कॉन्व्हेंटपेक्षा मोठा वाटतो. दार उघडं आहे हे त्या अर्जावरच लिहितात. सगळे विषय ख्रिस्ती दृष्टीतून शिकवले जातील, असं पहिल्याच पानावर असतं. काही शाळा आईबापांपैकी निदान एकजण श्रद्धावान ख्रिस्ती असावा अशी अट घालतात, काही घालत नाहीत. सही करणाऱ्याला नंतर 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही.

वाचायचं राहतं ते पुढचं पान, तक्रारीचं. पुष्कळ ख्रिश्चन शाळांच्या पालक-पुस्तिकेत मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय नियम म्हणून घातलेला असतो. कोणी तुझा अपराध केला तर आधी त्याला एकट्यात गाठून सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीसमोर ने. व्हॉट्सॲपच्या काळात हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. शिक्षिकेबद्दलची कुरकुर शिक्षिकेलाच आधी कळते, दोनशे पालकांना नाही. पण तक्रार खुद्द प्रमुखाविरुद्ध असेल तेव्हा हाच नियम पालकाला सगळ्यात बलवान माणसासमोर एकटं पाठवतो. तिथे बोर्ड कामाला यायला हवं, आणि बोर्ड तर बाजूला होण्याची शिस्त शिकून बसलेलं. म्हणून शाळा बघायला गेल्यावर गणिताचे गुण आणि बसचा मार्ग विचारून झाले की विचारावं, प्रमुखाविरुद्धची तक्रार कोणाकडे जाते, विश्वस्तांची मुदत किती, आणि संस्थेची घटना वाचायला मिळेल का. प्रवेश विभागातली बाई चमकून बघेल. बघू द्यावं.

बॉस्टनच्या त्या मंडळानं एक गोष्ट चोख केली होती. दहा वर्षांचा शब्द होता, 1898 मध्ये ते खरोखरच विसर्जित झालं आणि अमेरिकन रमाबाई असोसिएशन म्हणून नव्यानं उभं राहिलं. दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावला रमाबाईंनी काढलेलं मुक्तीसदन मात्र उघडपणे ख्रिस्ती होतं. आत काय चालतं याबद्दल कोणाची दिशाभूल व्हायला नको, हे त्या पुण्यात शिकल्या असाव्यात. उरला वारशाचा प्रश्न. तयार केलेली वारस मनोरमा 1921 मध्ये गेली, आणि 1922 च्या एप्रिलात रमाबाई.

कॅरीतल्या या शाळा आता त्याच वळणावर येताहेत. ज्यांनी त्या उभ्या केल्या त्या पिढीची मुलं शिकून बाहेर पडली. नवे विश्वस्त आजच्या पालकांतून यायचे, आणि आजच्या पालकांत शिष्यवृत्तीमुळे आलेले वाढतील, त्यांत काही कुलकर्णी आणि पाटीलही असतील. विश्वस्ताला श्रद्धेच्या निवेदनावर सही करावी लागते, तेव्हा हिंदू पालक बोर्डावर बसणार नाही हे उघड आहे आणि त्यात गैर काही नाही. शाळा त्यांची आहे. मात्र एखाद्या वर्षी पालकांना बरं वाटावं म्हणून शाळा एखादं सल्लागार मंडळ काढेल, आणि गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा मराठी गृहस्थाला त्यावर यायची गळ घालेल.

त्यानं हो म्हणायला माझी हरकत नाही. फक्त तोवर मंडळाचे अधिकार कागदावर आलेले असावेत, आणि तो कागद त्यानं बायकोलाही वाचायला द्यावा.