नवी वाट, जुना गल्ला आणि श्रद्धावंताची आशा



अमरावतीचा इतवारा असो वा अकोल्याची ताजनापेठ, लहान दुकानदारांच्या घरांत एक वाद वरचेवर ऐकू येतो. शिकून आलेला मुलगा म्हणतो, "अब्बा, हिशेब संगणकावर घेऊ, मालाची छायाचित्रे गिऱ्हाइकांना मोबाइलवर पाठवू, माल घरपोच देऊ. अल्लाहवर भरवसा ठेवा." वडील उत्तरतात, "बेटा, तुझ्या दादांनी याच गल्ल्यावर कुटुंब पोसले. अल्लाहने दिले त्यात समाधान मान." मुलगा तवक्कुलचा दाखला देतो, वडील कनाअतचा. दोन्ही गुण ईमानचेच आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. धंद्यातील साधा निर्णय ईमानची परीक्षा होऊन बसतो आणि सल्लामसलतीची जागा रुसवा घेतो.

तेव्हा दोन प्रश्नांचा विचार केला पाहिजे. नव्या कल्पनेला नकार देणे ही धर्मनिष्ठा आहे काय? आणि प्रत्येक नव्या कल्पनेमागे धावणे याला तवक्कुल म्हणावे काय?

इस्लामी धर्मशास्त्राने उपासना आणि व्यवहार यांत स्पष्ट भेद केला आहे. उपासनेत जेवढे शिकवले गेले तेवढेच करावयाचे; त्यात आपल्या मनची भर घालणे म्हणजे बिदअत. व्यवहारात मात्र मूळ नियम अनुमतीचा आहे. व्याज, जुगार, फसवणूक, मापातील लबाडी आणि ज्याचा ठावठिकाणा नाही अशा मालाचा सौदा निषिद्ध आहे. या कुंपणाच्या आत माणसाच्या बुद्धीला मोकळे रान दिलेले आहे. आपण पुष्कळदा नेमके उलट वागतो. धार्मिक विधींत रूढींची भर बिनतक्रार खपवून घेतो आणि दुकानाच्या रीतीत कोणी बदल सुचवला, की बिदअत ऐकल्यासारखे दचकतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आचरण या बाबतीत किती मोकळे होते ते पाहा. इ. स. ६२७ मध्ये मदीनेवर संकट आले, तेव्हा आदरणीय सलमान फारसी (र.) यांनी शहराच्या उघड्या बाजूस खंदक खणण्याची इराणी पद्धत सुचवली. अरबांना ती अपरिचित होती, तरी प्रेषितांनी (स.) ती स्वीकारली आणि स्वतः खोदकामात भाग घेतला. परदेशी राज्यकर्ते मोहोर नसलेले पत्र वाचत नाहीत, असे निदर्शनास आणले गेले, तेव्हा त्यांनी चांदीची अंगठी करवून घेऊन तिच्यावर मोहोर कोरवली. खजुराच्या झाडांना परागण करण्याच्या प्रसंगी तर त्यांनी सांगितले, की दुनियेच्या अशा कामांची माहिती तुम्हालाच अधिक आहे. कोणती रीत उपयोगी, हे अनुभव आणि परीक्षण यांवर सोपवलेले आहे, हेच यातून दिसते.

वाडवडिलांची वाट एवढ्याच आधारावर सत्य नाकारणाऱ्यांना दिव्य कुरआनने (सूरह अल-बकरा : १७०) खडसावले आहे. तो प्रसंग श्रद्धेचा आहे, धंद्याचा नाही. पण विचार न करता 'असेच चालत आले' म्हणण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे. कनाअत म्हणजे मिळालेल्या फळाबद्दल तक्रार न करणे. प्रयत्न थांबवणे म्हणजे कनाअत नव्हे. अपयशाच्या भीतीला कनाअतचे नाव देणे हा स्वतःशीच केलेला अप्रामाणिकपणा आहे.

मात्र येथेच थांबलो तर वडिलांवर अन्याय होईल. आपल्या वऱ्हाडच्या इतिहासातील एकाच दशकाने दोन धडे दिले आहेत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचे मोल आले. ही तेजी कायमची आहे असे मानून अनेकांनी मोठाले व्यवहार केले. युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत नावाजलेल्या पेढ्या व बँका बुडाल्या. आशेने हिशेबाची सोबत सोडली होती. पुढे १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली. तोवर या मुलखाचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर जात असे. ती जुनी वाहतूक कितीही प्रामाणिक असली, तरी आगगाडी तिच्यासाठी थांबणार नव्हती. अविचारी आशा जशी बुडवते, तसा आंधळा नकारही बुडवतो.

मग खरी आशा कशी ओळखावी? इमाम गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी दिलेले उदाहरण वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सहज पटेल. जो चांगली जमीन पाहतो, उत्तम बी पेरतो, पाणी देतो, तण काढतो आणि मग अल्लाहच्या कृपेची वाट पाहतो, त्याची ती आशा होय. ज्याने पेरलेच नाही आणि तरी पिकाची वाट पाहतो, त्याची ती आत्मवंचना. दुकानालाही हीच कसोटी लावावी. पेरणी न करता 'बरकत येईल' म्हणणारे वडील आणि जमीन न पाहता बी उधळणारा मुलगा, दोघेही एकाच चुकीचे भागीदार आहेत.

म्हणून नवी कल्पना घरात आली, की प्रथम विचारावे : तिच्यात व्याज वा फसवणूक आहे काय? कर्ज व्याजाचे असेल, तर वडिलांचा नकार म्हणजे भित्रेपणा नव्हे, ते कुटुंबाचे रक्षण आहे. तेथे मुलाने मान तुकवावी. दुसरे : ती फसली तर घराचा चरितार्थ शाबूत राहील काय? राहत असेल तर थोड्या मालावर, ठरावीक मुदतीपुरती करून पाहावी. तिसरे : हिशेब लिहिला जातो काय? लिखित हिशेबाला 'आजकालचे खूळ' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा आदेश दिव्य कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत (सूरह अल-बकरा : २८२) आहे. जीएसटी २०१७ मध्ये आला. हा आदेश चौदा शतके जुना आहे. शिवाय मालाची मोजदाद नसेल, तर अडीच टक्के जकात आपण कशावर काढणार?

आणि हे सारे सल्लामसलतीने व्हावे. आपसांत विचारविनिमय करून कामे करणे हे श्रद्धावंतांचे लक्षण सांगितले आहे (सूरह अश-शूरा : ३८). मुलाने वडिलांकडून गिऱ्हाइकाची पारख आणि दिलेल्या शब्दाची किंमत शिकावी. वडिलांनी मुलाला प्रयत्न करण्याची आणि थोडे चुकण्याचीही मुभा द्यावी. घरातील स्त्रियांनाही या बैठकीत स्थान असावे, आदरणीय खदीजा (र.) स्वतः व्यापार चालवीत होत्या, हे विसरू नये. मत ठरले नाही तर इस्तिखाराची नमाज आहेच.

उपजीविका देणारा अल्लाह आहे, ही श्रद्धा माणसाला निर्भय करते. ज्याचा दाता जिवंत आहे, त्याने बदलाला का भ्यावे? आणि ज्याला हिशेब द्यावयाचा आहे, त्याने बेपर्वा तरी का व्हावे?

अल्लाह आपल्या कमाईत पावित्र्य, विचारांत समतोल आणि घरांत एकोपा देवो. आमीन.